विश्लेषण : वाघाच्या पंजाचा एक्स-रे काय ठरवतो? कुत्र्या-मांजरांवरील नवे संशोधन चंद्रपूर-गडचिरोलीत कितपत उपयोगी?

पिंजऱ्यात आलेला वाघ पुन्हा जंगलात जाणार की उरलेले आयुष्य गोरेवाड्यात काढणार, हे अनेकदा त्याच्या दातांवर, पंजांवर आणि सांध्यांवर ठरते. बाहेरून दिसणारी जखम त्यासाठी पुरेशी नसते. आत काय झाले आहे हे पाहावे लागते. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत एक्स-रे, सोनोग्राफी आणि सीटी स्कॅनवर जगभर जे पशुवैद्यकीय संशोधन झाले, ते बहुतांश शहरातल्या पाळीव कुत्र्या-मांजरांवर झाले. त्यातले काय चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात लागू पडते, काय पडत नाही आणि गावातल्या साध्या कुत्र्याला त्याचा काय उपयोग, याचा हा आढावा.

‘साहेबराव’चे प्रकरण काय होते?

एप्रिल २०१२ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील पळसगाव परिसरात शिकाऱ्यांनी लावलेल्या लोखंडी सापळ्यांत दोन वाघ अडकले. एक दगावला. दुसऱ्याला वनविभागाने सोडवले, पण त्याच्या पुढच्या पंजाची बोटे वाचली नाहीत. हाच पुढे ‘साहेबराव’ या नावाने ओळखला गेला. आधी नागपूरच्या महाराजबागेत आणि नंतर गोरेवाडा येथील बचाव केंद्रात त्याला ठेवण्यात आले. नागपूरचे अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. सुश्रुत बाभूळकर यांनी त्याला दत्तक घेतले आणि जानेवारी २०२० मध्ये त्याला कृत्रिम पंजा बसवण्याचा प्रयत्न झाला. वाघाला असा अवयव बसवण्याचा हा जगातला पहिलाच प्रयोग असल्याचे तेव्हा सांगण्यात आले. भूल उतरल्यावर साहेबरावने थोड्याच वेळात तो पंजा काढून टाकला.

बातम्यांमध्ये कृत्रिम पंजाची चर्चा झाली. पण सापळ्यात अडकलेल्या प्राण्याचा खरा निकाल त्याआधी, पहिल्या दोन-तीन आठवड्यांत लागलेला असतो. लोखंडी जबड्याचा सापळा पंजा केवळ मोडत नाही, तर आवळून धरतो. रक्तपुरवठा थांबतो आणि बोटे मरू लागतात. पहिल्या दिवशी काढलेल्या एक्स-रेत मोडलेले हाड दिसते, मात्र मरत चाललेले मांस दिसत नाही. हाडात शिरलेला जंतुसंसर्गही एक्स-रेवर साधारण एक ते दोन आठवडे उशिरा उमटतो, कारण हाडातले खनिज बऱ्यापैकी झिजल्याशिवाय चित्रात फरकच पडत नाही. त्यामुळे पहिल्या दिवसाचा ‘स्वच्छ’ एक्स-रे पाहून निर्धास्त होणे धोक्याचे असते. पुन्हा चित्र काढावे लागते. कुत्र्याच्या बाबतीत त्याचा अर्थ दवाखान्याची दुसरी फेरी एवढाच. वाघाच्या बाबतीत त्याचा अर्थ पुन्हा डार्ट, पुन्हा भूल आणि पुन्हा तोच धोका.

या चित्रांना कायद्याच्या दृष्टीने महत्त्व का?

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या कलम ११ नुसार वाघासारखा अनुसूची एकमधील प्राणी माणसाच्या जिवाला धोकादायक झाला असेल, किंवा बरा न होण्याइतका जखमी अथवा आजारी असेल, तरच मुख्य वन्यजीव रक्षक त्याच्यावर कारवाईचा आदेश देऊ शकतात. पकडणे, बेशुद्ध करणे किंवा दुसरीकडे हलवणे शक्य नसल्याची खात्री पटल्याशिवाय ठार मारण्याचा आदेश देता येत नाही. पकडलेल्या प्राण्यालाही कायम कोंडून ठेवायचे असेल, तर तो जंगलात पुन्हा वसवता येणार नाही अशी खात्री व्हावी लागते आणि त्याची कारणे लेखी नोंदवावी लागतात.

या दोन जिल्ह्यांत हा प्रश्न वर्षातून अनेकदा उभा राहतो. राजुरा परिसरात आठ जणांचा बळी घेतलेला ‘आरटी-१’ ऑक्टोबर २०२० मध्ये पकडला गेला. ‘सीटी-१’ हा वाघ ऑक्टोबर २०२२ मध्ये गडचिरोलीच्या वडसा वनक्षेत्रात जेरबंद झाला. वडसा, भंडारा आणि ब्रह्मपुरी अशा तीन भागांत मिळून १३ मृत्यू त्याच्या नावावर होते. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मरण पावल्या. अशा वेळी गावाचा संताप एका बाजूला आणि प्राण्याचे भवितव्य दुसऱ्या बाजूला असते. ‘वाघ म्हातारा होता’, ‘त्याचा सुळा तुटला होता’, ‘तो लंगडत होता’ अशी विधाने चहाच्या टपरीवर होतात तशी ती अधिकृत कागदांवरही येतात. त्यामागे तारीख-वेळ असलेले चित्र असेल, तर ती विधाने नंतर तपासता येतात. नसेल, तर ते केवळ मत राहते.

जखमेचा आणि नरभक्षक होण्याचा संबंध जुना आहे. जिम कॉर्बेट यांनी १९०७ मध्ये मारलेल्या चंपावतच्या वाघिणीचे उजव्या बाजूचे सुळे बंदुकीच्या गोळीने तुटलेले होते. केनियातील त्सावो येथे १८९८ मध्ये मारल्या गेलेल्या दोन सिंहांपैकी एकाच्या तुटलेल्या सुळ्याच्या मुळाशी गळू झाले होते. त्या कवट्या आजही शिकागोच्या संग्रहालयात आहेत आणि संशोधक त्या तपासत असतात. मात्र हे सूत्र चंद्रपूरला सरसकट लावणे चूक ठरेल. २०२२ च्या गणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघ असल्याचा अंदाज पुढे आला आणि त्यातला मोठा वाटा एकट्या चंद्रपूर जिल्ह्याचा आहे. वाघांची दाटी, आईपासून नुकतेच वेगळे झालेले तरुण वाघ, त्याच जंगलात मोहफुले, तेंदूपाने आणि सरपणासाठी जाणारी माणसे, ही येथील संघर्षाची मुख्य कारणे आहेत. धडधाकट वाघही माणसावर हल्ला करतो. एक्स-रेत काही सापडले नाही म्हणून तो निर्दोष ठरत नाही आणि सुळा तुटलेला सापडला म्हणून कारणाचा शोध संपत नाही.

कुत्र्या-मांजराच्या ज्ञानावरून वाघाचे निदान करता येते का?

बऱ्याच अंशी येते. वाघ, बिबट्या आणि घरातले मांजर यांच्या सांगाड्याची ठेवण सारखीच. मांजराच्या छातीच्या एक्स-रेत खांद्यापुढे एक बारीक, तरंगते हाड दिसते. ते त्याचे गळपट्टीचे हाड असते, इतर हाडांना न जोडलेले. नवखा डॉक्टर ते पाहून मांजराच्या घशात काटा अडकला असे समजतो. मोठ्या मार्जारांतही हे हाड असेच लहान आणि सुटे असते. मांजर नीट शिकलेल्या डॉक्टरची बिबट्याच्या बाबतीत फसगत होत नाही, ती अशी.

वयाचा प्रश्न याहून महत्त्वाचा. लहान प्राण्याच्या लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेचे पट्टे असतात. एक्स-रेत ते काळ्या रेघेसारखे दिसतात आणि वाढ पूर्ण झाली की बुजतात. पकडलेला वाघ पूर्ण वाढलेला आहे की अजून वाढीत आहे, हे यावरून कळते. त्यानंतरचे वय दातांतून समजते. तरुण प्राण्याच्या सुळ्याच्या आत गराची पोकळी मोठी असते आणि वयानुसार ती आतून भरत जाते. दाताचे एकूण क्षेत्रफळ आणि पोकळीचे क्षेत्रफळ यांचे गुणोत्तर काढून वय सांगण्याची पद्धत मानवी न्यायवैद्यकात होतीच. पाळीव प्राण्यांवर ती वापरली गेली आणि २०१६ मध्ये आफ्रिकेतील सिंहांवरही ती लागू पडत असल्याचे प्रसिद्ध झाले. दातांचा पिवळेपणा आणि झीज पाहून अंदाज बांधण्यापेक्षा ही पद्धत पक्की, शिवाय चित्र जपून ठेवता येत असल्याने दुसऱ्या तज्ज्ञालाही ते पाहता येते.

अडचण येते ती आकाराची. मांजर चार किलोचे, तर पूर्ण वाढलेला नर वाघ दोनशे किलोच्या आसपास. हातात उचलून नेता येणारे एक्स-रे यंत्र पंजा, जबडा, कोपर यांच्यासाठी पुरेसे असते. वाघाच्या कमरेतून किंवा पोटातून किरण आरपार जायला मात्र बरीच जास्त ताकद लागते. कमी ताकदीच्या यंत्राने काढलेले चित्र पांढरट, गढूळ येते आणि त्यात काहीही ‘दिसते’ किंवा काहीच दिसत नाही. वेळही कमी असतो. झायलाझिन आणि केटामिनच्या मिश्रणाने बेशुद्ध केलेल्या वाघाचा श्वास, तापमान, जखम, रक्ताचे नमुने हे सगळे त्याच मर्यादित वेळात उरकायचे असते. विदर्भातल्या मे महिन्यात तर अंगाचे तापमान चढू नये म्हणून पाणी शिंपडणारा माणूस एक्स-रे काढणाऱ्याइतकाच महत्त्वाचा असतो. सुधारणा झाली ती इथे. पूर्वी फिल्म धुऊन चित्र यायला वेळ लागे आणि ते बिघडले तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आता बिनतारी डिजिटल पाटीवर काही सेकंदांत चित्र लॅपटॉपवर दिसते, कोन चुकला असेल तर तिथल्या तिथे दुसरे काढता येते.

मोजमापांची अडचण वेगळी आहे. कुत्र्याचे हृदय वाढले आहे का हे ठरवण्यासाठी १९९५ मध्ये बुकानन आणि ब्युशलर यांनी एक सोपी युक्ती सुचवली. हृदयाची लांबी आणि रुंदी पाठीच्या मणक्यांच्या मापात मोजायची. निरोगी कुत्र्यात ही बेरीज साधारण ८.७ ते १०.७ मणके भरते, मांजरात सुमारे ७.५. पुढे असे दिसले की बॉक्सर, लॅब्रेडॉर अशा जातींत निरोगी हृदयही या मर्यादेपलीकडे जाते, म्हणून प्रत्येक जातीचे वेगळे माप काढावे लागले. भारतात देशी कुत्र्यांवरही अशी मोजणी झाली आहे. वाघ-बिबट्यांसाठी मात्र इतक्या मोठ्या संख्येने निरोगी प्राण्यांची चित्रे जमा करणे सोपे नाही. निरोगी वाघाला केवळ मापासाठी भूल कोण देणार?

सोनोग्राफीने नेमका काय फरक पडला?

जंगलाच्या दृष्टीने पाहिले तर सर्वात मोठा. २००४ मध्ये अमेरिकेत वाहनाची धडक बसलेल्या १०० कुत्र्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पोटावर चार ठरावीक ठिकाणी सोनोग्राफीचा प्रोब ठेवून आत रक्त किंवा इतर द्रव साचला आहे का, एवढेच पाहायचे होते. १०० पैकी ४५ कुत्र्यांच्या पोटात द्रव सापडला. विशेष म्हणजे तपासणारे डॉक्टर सोनोग्राफीचे तज्ज्ञ नव्हते. त्यांना जुजबी प्रशिक्षण दिले होते. पुढच्या पाच वर्षांत छातीसाठी तशीच तपासणी आली आणि पोटातल्या द्रवाला शून्य ते चार असे गुण देण्याची पद्धत रूढ झाली. तासाभराने पुन्हा पाहायचे, गुण वाढले तर रक्तस्राव सुरूच आहे असे समजायचे.

चांदा फोर्ट-गोंदिया रेल्वेमार्ग आणि जंगलातून जाणारे महामार्ग असलेल्या भागात याचा अर्थ वेगळा सांगायला नको. नोव्हेंबर २०१८ मध्ये चंद्रपूरच्या जुनोना जंगलात याच मार्गावर रेल्वेच्या धडकेत वाघाचे तीन बछडे मरण पावले. धडक बसूनही जिवंत राहिलेला बिबट्या किंवा अस्वल बाहेरून शाबूत दिसते, उठून उभेही राहते आणि रात्रीतून मरते. पोटात रक्त आहे की नाही, हे पाच मिनिटांत कळले तर त्याला लगेच नागपूरला हलवायचे की आधी जागेवरच स्थिर करायचे, हे ठरवता येते.

दुसरा उपयोग साळिंदराच्या काट्यांचा. बिबट्या, वाघ आणि गावातले शिकारी वळणाचे कुत्रे हे तिघेही साळिंदराच्या वाटेला जाऊन पस्तावतात. काटा केसासारख्याच पदार्थाचा बनलेला असल्याने एक्स-रेत तो जवळपास दिसतच नाही. त्वचेबाहेरचा भाग तुटून पडतो आणि आतला तुकडा स्नायूंतून पुढे सरकत राहतो, कधी सांध्यात, कधी छातीत. सोनोग्राफीत मात्र तो दोन समांतर चकचकीत रेघांसारखा उमटतो. बंदुकीचे छर्रे आणि फासाची तार याच्या नेमके उलट. धातू असल्याने ते एक्स-रेत लख्ख दिसतात. लंगडणाऱ्या प्राण्यावर एकच तपासणी करून थांबले, तर दोहोंपैकी एक कारण हमखास निसटते.

यंत्र आणणे-नेणे मात्र सोपे नाही. लिंगनिदानास प्रतिबंध करणाऱ्या १९९४ च्या कायद्यामुळे सोनोग्राफी यंत्रांच्या विक्रीवर, नोंदणीवर आणि हलवण्यावर देशात कडक नियम आहेत आणि ते योग्यच आहेत. पण पोटातले पिल्लू कुणाचे हे यंत्राला कळत नसल्याने, पशुवैद्यकालाही ते घेण्याआधी कागदपत्रांची वाट चालावी लागते.

कृत्रिम बुद्धिमत्ता एक्स-रे वाचू शकेल का?

कुत्र्या-मांजरांच्या क्षेत्रात सध्या सर्वाधिक चर्चा याचीच आहे. पशुवैद्यकीय रेडिओलॉजीचे विशेषज्ञ जगभरातच कमी आहेत आणि एक्स-रे काढणारे दवाखाने खूप. त्यामुळे चित्र अपलोड केले की काही मिनिटांत अहवाल देणाऱ्या प्रणाली अमेरिका-युरोपात सर्रास विकल्या जात आहेत. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ११ पशु-रेडिओलॉजिस्ट आणि अशी एक प्रणाली यांना कुत्र्या-मांजरांचे तेच ५० एक्स-रे संच देण्यात आले. प्रणालीची कामगिरी सर्वोत्तम विशेषज्ञाच्या जवळपास पोहोचली. दुसरीकडे, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत कुत्र्यांच्या फुफ्फुसातील गाठी शोधण्याचे काम दुसऱ्या प्रणालीला दिले असता तिने जेमतेम निम्म्याहून थोड्या अधिक गाठी ओळखल्या. ‘गाठ नाही’ असे जिथे खरेच होते, तिथे मात्र ती क्वचितच चुकली. म्हणजे ‘आहे’ म्हणाली तर ऐकावे, ‘नाही’ म्हणाली तर खात्री करावी, असा तिचा स्वभाव.

हे परस्परविरोधी वाटले तरी तसे नाही. प्रणालीने जे हजारो वेळा पाहिले ते तिला येते, जे पाहिले नाही ते येत नाही. या प्रणाली मुख्यतः परदेशी दवाखान्यांतल्या कुत्र्या-मांजरांच्या चित्रांवर शिकल्या आहेत. गावातला पिवळसर, बारीक छातीचा देशी कुत्रा त्यांच्या ओळखीचा किती, हा प्रश्नच आहे. बिबट्याचे गळपट्टीचे हाड किंवा बछड्याच्या कोपरातले कूर्चेचे पट्टे पाहून त्या काय म्हणतील, हे कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. विशेषज्ञांच्या संघटनांचा आग्रहही असाच आहे की अंतिम अहवालावर माणसाची नजर हवी आणि प्रणाली कशावर शिकली हे विकणाऱ्याने उघड करावे.

आज या जिल्ह्यांना खरा उपयोग होऊ शकतो तो यंत्राच्या मतापेक्षा साध्या दूरवाचनाचा. चंद्रपुरात किंवा गडचिरोलीत काढलेला एक्स-रे नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातल्या किंवा मुंबईतल्या डॉक्टरने पाहायचा, प्राणी बेशुद्ध असतानाच. त्यासाठी बुद्धिमान प्रणाली लागत नाही. नीट चित्र, इंटरनेट आणि फोन उचलणारा माणूस लागतो. भामरागडकडे यातले मधले कलमच कधी कधी गळते. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की रस्ता तुटतो आणि त्याबरोबर वीज आणि संपर्कही अनेकदा जातो.

सीटी स्कॅन, एमआरआयचे काय?

एक्स-रे म्हणजे सावली. पुढचे-मागचे सगळे एकावर एक पडते. सीटी स्कॅनमध्ये शरीराचे काप दिसतात, म्हणून जबड्याची बारीक चीर, नाकातली गाठ, मणक्याचा मार अधिक नेमका कळतो. कुत्र्या-मांजरांत सीटी जलद झाल्याने भूल कमी लागू लागली. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातल्या पशुवैद्यकांनी धाप लागलेल्या मांजराला प्राणवायू पुरवणाऱ्या एका पारदर्शक खोक्यात ठेवून, भूल न देता स्कॅन करण्याची पद्धत बसवली. धाप लागलेल्या मांजराला भूल देणे म्हणजे जिवाशी खेळ, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या साध्या खोक्याची किंमत कळेल.

मुंबईत महालक्ष्मी येथे जुलै २०२४ मध्ये टाटा ट्रस्ट्सचे लहान प्राण्यांसाठीचे रुग्णालय सुरू झाले. तिथे सीटी आणि एमआरआय दोन्ही आहे. चंद्रपूरहून ते आठशे किलोमीटरहून दूर. पाय ओढत चालणाऱ्या कुत्र्याला सिरोंच्याहून तिथे नेणारा मालक कल्पनेतच सापडेल. या भागासाठी व्यवहार्य ठिकाण नागपूर, आणि तेही सिरोंचा किंवा भामरागडहून पूर्ण दिवसाचा प्रवास.

चित्रात न दिसणारे धोके कोणते?

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या मरण पावले. हे वाघ मानव-वन्यजीव संघर्षानंतर चंद्रपूरहून आणलेले होते. कारण सापडले ते भोपाळच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत तपासलेल्या नमुन्यांतून : बर्ड फ्लूचा एच५एन१ विषाणू. २०१८ मध्ये गीरच्या सिंहांत कुत्र्यांच्या डिस्टेंपरचा विषाणू सापडला, तोही पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतल्या तपासणीत. अशा आजारात छातीचा एक्स-रे फुफ्फुस बिघडले एवढेच सांगतो. कशाने, हे सांगत नाही. बफरमधल्या गावांतले लस न टोचलेले कुत्रे आणि जंगलातले वाघ, बिबटे, कोळसून यांच्यात विषाणूंची देवाणघेवाण होऊ शकते, म्हणून कुत्र्यांचे लसीकरण हा वनविभागाच्याही कामाचा भाग मानला जातो.

रेबीजबद्दलची चूक तर थेट माणसाच्या जिवावर बेतते. तोंडातून लाळ गळते आहे, खालचा जबडा लोंबतो आहे, पाणी गिळता येत नाही, असे कुत्रे पाहून घरचे लोक हमखास म्हणतात, ‘घशात हाड अडकलंय.’ मग कोणीतरी तोंडात हात घालते किंवा एक्स-रे काढायला कुत्रा टेबलावर दाबून धरते. रेबीजच्या मूक प्रकाराची लक्षणे हीच असतात. अशा कुत्र्याच्या घशाचा फोटो काढण्याआधी त्याला लस टोचली होती का, अलीकडे दुसऱ्या कुत्र्याने किंवा कोल्ह्याने चावा घेतला होता का, हे विचारणे आवश्यक असते. लाळेशी संपर्क आलाच, तर जखम साबणाने किमान पंधरा मिनिटे वाहत्या पाण्यात धुऊन त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस सुरू करावी लागते.

गावातल्या कुत्र्या-मांजराला यातले काय मिळू शकते?

पशुसंवर्धन विभागाच्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे. पथक तपासणी, प्रथमोपचार करते आणि एक्स-रेची गरज असल्यास पुढे कुठे जायचे ते सांगते. अपघात झालेल्या कुत्र्याला उचलताना दोन पायांना धरून लटकवू नये. मणका दुखावलेला असेल तर अशा उचलण्यानेच तो कायमचा लुळा होतो. जुने दार, फळी किंवा ताणून धरलेली चादर चालते. तोंडाला कापडी पट्टी बांधावी, पण श्वास घेताना धाप लागत असेल किंवा उलटी होत असेल तर बांधू नये.

एक्स-रे काढताना मालकाने प्राणी हाताने धरून उभे राहण्याची सवय आपल्याकडे अजून गेलेली नाही. शक्य तिथे सौम्य गुंगी देऊन किंवा वाळूच्या पिशव्यांचा आधार देऊन प्राणी झोपवावा. धरावेच लागले तर शिशाचा एप्रन आणि हातमोजे मागून घ्यावेत. गरोदर स्त्रीने आणि मुलांनी त्या खोलीत थांबू नये.

चित्र दुसऱ्या डॉक्टरला दाखवायचे असेल तर खिडकीसमोर फिल्म धरून मोबाइलने काढलेला फोटो शेवटचा पर्याय समजावा. त्यात हाडातली केसाएवढी चीर पुसली जाते आणि उजवी-डावी बाजू उलटण्याचाही धोका असतो. डिजिटल यंत्रावर काढलेल्या एक्स-रेची मूळ फाइल दवाखान्याकडे असते. ती पेन ड्राइव्हवर किंवा ई-मेलने मागावी. एकाच कोनातले चित्र असेल तर दुसऱ्या कोनातलेही काढले आहे का, हे विचारावे. समोरून सरळ दिसणारे हाड बाजूने पाहिल्यावर मोडलेले निघते. कुत्र्याच्या पायात हे जितके खरे, तितकेच बिबट्याच्या.